लाडवापासून रेड्यापर्यंत

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं, आणि त्या गावात एक ओझेकरीण होती. गावाला शेती थोडी, पाऊस फार, आणि वर देशावर जाणारी वाट इतकी उभी की बैल अर्ध्यावर बसकण मारायचे आणि गाढवं तर खालूनच मान फिरवायची. म्हणून सगळा माल माणसांच्या डोक्यावरून जायचा. वर जाताना मीठ आणि सुकी मासळी, खाली येताना गूळ आणि ज्वारी. गावातल्या बाया काय आणि बाप्ये काय, सगळे ओझेकरी. तिथे कुणाची ओळख करून देताना तो कुणाचा कोण हे मागाहून सांगत. आधी तो काय उचलतो ते सांगत.

आपल्या गोष्टीतल्या ओझेकरणीचं नाव भिवरा. भिवरा रेडा उचलायची.

दचकू नका. रेडा म्हणजे धोंडा. देवळामागच्या मोकळ्या जागेत लहानापासून मोठ्यापर्यंत धोंड्यांची एक ओळ मांडलेली होती, आणि प्रत्येक धोंड्याला नाव होतं. लाडू, भोपळा, बोकड, रांजण आणि सगळ्यात शेवटी काळाकभिन्न रेडा. लाडू पोराटोरांचा. पोरं मोठी व्हायची तशी एकेक धोंडा पुढे सरकायची, आणि जो जो धोंडा खांद्यावर घेईल त्याला त्या मापाचं ओझं मिळायचं. बरेच जण बोकडापर्यंत येऊन थांबत. त्यात कमीपणा कुणी मानत नसे. रांजण उचलणारे थोडे. रेडा उचलणारी बाई मात्र गावाने भिवराच्या रूपाने पहिल्यांदाच पाहिली होती.

या धोंड्यांची एक चाल होती. पुढचा धोंडा एकदा खांद्यावर गेला की मागच्या धोंड्याला पुन्हा हात लावायचा नाही. मागे हात लावणं म्हणजे धोंड्याचा अपमान, आणि उचलणाऱ्याची नामुष्की. ही चाल कुणी पाडली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ती फार जुनी आणि फार पवित्र आहे याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

पावसाळ्यात घाट बंद असायचा, तो दसऱ्याला उघडायचा. त्या सकाळी प्रत्येकाने आपला धोंडा खांद्यावर घ्यायचा. मग ओझेकऱ्यांचा नाईक त्याच्या हातात तांबडी चुंबळ द्यायचा. चुंबळ म्हणजे डोकं आणि ओझं यांच्यामध्ये ठेवायची कापडाची गुंडाळी. ती मिळाली की माणूस रांगेत उभा राहायचा, आणि रांग घाट चढायला लागायची. रांगेत ज्याची त्याची जागा ठरलेली. भिवराची जागा सगळ्यात पुढे, नाईकाच्या पाठोपाठ.

आणि ज्याला आपला धोंडा उचलता आला नाही तो? तो पारावर जायचा. आजारातून उठलेले, हाडं मोडून जुळलेले, बाळंतपणानंतर अंगात त्राण न राहिलेल्या बाया, सगळे पारावर. आपला धोंडा उचलवत नाही, मागच्याला हात लावायचा नाही, मग करतील काय बिचारे? सुपारी कातरायचे आणि आपण एके काळी काय उचलत होतो ते एकमेकांना सांगायचे. पारावर ताकदीच्या गोष्टींना तोटा नव्हता. ताकदीचाच काय तो तोटा होता.

तर ही भिवरा हिवतापाने आजारी पडली. साधासुधा ताप नव्हता तो. दोन पावसाळे तिला त्याने अंथरुणाला खिळवून ठेवलं. दोन दसरे आले आणि गेले, तिने आपल्या मागून वाढलेल्या माणसांची रांग दारातून वर जाताना पाहिली. तिचा नवरा दोरखंड वळायचा. मोठा थट्टेखोर माणूस, पण त्या दिवसांत त्याचीही थट्टा आटली होती. ताप निघून गेला तेव्हा भिवराच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या.

गावाचा नियम असा, की लागोपाठ तिसरा दसरा चुकला की रांगेतली जागा कायमची गेली. भिवराला ते ठाऊक होतं. तिला घाट हवा होता. चुलीपुढे बसून भाकरी करतानाही तिच्या पोटऱ्या चढणीची आठवण काढत. वरच्या खिंडीत पोचल्यावर तोंडावर येणारा वारा तिला हवा होता, आणि नाईकाच्या पाठोपाठची ती जागा हवी होती. दुसरं काही नको होतं.

म्हणून अंगात जरा जीव आल्याबरोबर ती देवळामागे गेली, आणि चालीप्रमाणे थेट रेड्यापुढे उभी राहिली. पारावरची मंडळी उठून बघायला आली. त्यांत संभूकाका सगळ्यात पुढे. हा संभूकाकाही एके काळचा रेडा उचलणारा. बऱ्याच वर्षांपूर्वी असाच आजारातून उठल्या उठल्या त्याने हट्टाने दात-ओठ खाऊन रेडा खांद्यावर घेतला होता, आणि त्याच मापाचं ओझं घेऊन घाट चढायला निघाला होता. अर्ध्या वाटेवर त्याचे पाय लटपटले. मिठाचं पोतं आणि पोत्याखाली मागचा गडी, दोघंही घसरत गेले. गडी वाचला, पण पायाने अधू झाला. तेव्हापासून संभूकाका पारावर.

"घाल हात, भिवरे," तो म्हणाला. "तुझा धोंडा तुला वळखील."

भिवराने हात घातला. रेडा तिला ओळखीनासा झाला होता. तो तसूभरही हलला नाही, आणि भिवराच्या पाठीत मात्र अशी उसण भरली की तिला घरी चौघांनी धरून नेलं.

पुन्हा अंथरूण. पुन्हा शेक, पुन्हा काढे. आणि या वेळी पारावरची माणसं समाचाराला आली. कुणी टोमणा मारला नाही, उलट सगळे फार मायेने बोलले.

"आता कशाला जिवाला तरास करून घेतीस?" संभूकाका म्हणाला. "तू काय कमी उचललंस का? पारावर सावलीची जागा ठेवलीय तुझ्यासाठी. ये, बस. आमाला पन नव्या गोष्टी ऐकायला मिळतील."

ते गेले, आणि भिवरा भिंतीकडे तोंड करून रडली. टोमणा तिने सहन केला असता. ती राखून ठेवलेली सावली तिला सहन झाली नाही.

मग तिने डोळे पुसले आणि नवऱ्याला विचारलं, "मी रेडा उचलला तो कुठून सुरुवात करून?"

"लाडवापासून. आनि कुठून?"

"मग आता रेड्यापासून सुरुवात करायची अक्कल कुनाची?"

नवरा दोर वळता वळता थांबला. "धोंड्यांची चाल हाय म्हनत्यात."

"धोंडे कधी बोललेत का?"

"माझ्याशी तरी न्हाई," नवरा म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी हसला.

पाठ बरी झाली त्या सकाळी भिवरा पुन्हा देवळामागे गेली. लाडवाभोवती पोरांचा घोळका होता. ती पोरांच्या मागे जाऊन उभी राहिली. पोरांना वाटलं, ती आपल्यातल्या कुणाला तरी हाक मारायला आली असेल. तिची पाळी आल्यावर तिने पदर खोचला, खाली वाकली आणि लाडवाला हात घातला.

पोरं खिदळली. कुणीतरी पाराकडे पळालं. क्षणात ही गर्दी!

आणि खरं सांगायचं तर लाडूही काही हसत हसत आला नाही. भिवराला दोनदा पकड बदलावी लागली, कपाळावर घाम आला. पण तो छातीशी आला, खांद्यावर गेला, आणि तिने तो हळूच खाली ठेवला. एकदा. पुन्हा एकदा. मग ती ताठ उभी राहिली आणि सगळ्यांकडे पाहिलं.

"अरे देवा! रेड्याची मालकीन लाडवाला लागली," संभूकाका ओरडला. "अगं, पार काय ओस पडला हुता का?"

"पार तुमी भरून टाकलाय, काका. म्हनून हितं आले."

तेवढ्यात नाईक आला. नाईक वाईट माणूस नव्हता. घाटात आपल्या मागून येणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाची जोखीम त्याच्या डोक्यावर होती, म्हणून त्याला चालीरीतींचा फार आधार वाटायचा.

"भिवरे, मागल्या धोंड्याला हात लावलास?"

"लावला."

"आजवर कुनी लावला न्हाई."

"म्हनून आजवर पारावरनं कुनी उठलं न्हाई."

"गाव काय म्हनंल?"

"गाव म्हनून ऱ्हायलंय की! तुमच्या म्होरंच म्हनतंय. म्हनू द्या. धोंडा गावाचा, हात माझे. ज्याला लाज वाटत असंल त्यानं ती आपल्या घरी न्यावी."

नाईक लालबुंद झाला. पण धोंड्याला हात लावला म्हणून हात तोडायचा असं काही चालीत सांगितलेलं नव्हतं. "दसऱ्याला बघू," एवढं बोलून तो गेला.

त्या दिवसापासून भिवरा गावाची करमणूक झाली. पाणवठ्यावर बाया विचारायच्या, "लाडू गोड लागला का गं?" पोरं तिच्या चालण्याची नक्कल करायची. भिवरा एक दिवस धोंडा उचलायची, दुसऱ्या दिवशी अंगाला विसावा द्यायची. विसाव्याच्या दिवशी लोक म्हणायचे, दमली. उचलायच्या दिवशी म्हणायचे, खुळावली. तिने दोन्ही ऐकून घेतलं. घरी नवरा तिच्यापुढे हुलग्याचं माडगं ठेवायचा, कधी अंडी, कधी दुधाचा तांब्या. "खा," तो म्हणायचा, "नुसत्या रागावर अंग भरत न्हाई." आणि दिवस मावळला की ती गाढ झोपायची.

पण एक गोष्ट घडत होती, ती फक्त भिवरालाच कळत होती. लहानपणी लाडवापासून भोपळ्यापर्यंत यायला तिला अख्खं वर्ष लागलं होतं. आता एक अमावास्या उलटते न उलटते तोच भोपळा खांद्यावर आला. दंड भरायला लागले. बांगड्या मनगटावर परतल्या. कुठे जोर लावायचा, कधी श्वास कोंडायचा, ओझं अंगाजवळ कसं घ्यायचं हे तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

"नवं काई करावं लागत न्हाई," ती नवऱ्याला नवलाने म्हणाली. "अंगाला सगळी वाट ठावी हाय. फकस्त सुरुवातीपास्नं चालू द्यायला पायजे."

पावसाळा लागला तेव्हा ती बोकडावर होती. भर पावसात देवळामागे कुणी फिरकत नसे. भिवरा डोक्यावर इरलं घेऊन जायची. बोकड आला. पारावरच्या गप्पा जरा मंदावल्या. मग रांजण आला... म्हणजे यायला तयार होईना. गुडघ्यापर्यंत यायचा आणि तिथून परत जायचा. दसरा जवळ येत चालला तशी भिवरा चिडली. विसाव्याचा दिवस मोडून ती रोज रांजणाला भिडायला लागली, आणि तो गुडघ्यापर्यंत येत होता तोही येईनासा झाला.

एके दुपारी ती घरी येऊन दोरांच्या ढिगावर धपकन बसली. "जमत न्हाई."

नवऱ्याने हातातला दोर तिच्यापुढे धरला. "याला पयला पीळ बसायच्या आत पुढला दिला तर ह्यो तुटतो. थोडा वेळ पडू द्यावा लागतो. तू काय माझ्या दोरापरीस घट हाईस?"

"हाय," भिवरा म्हणाली.

"मग तुटताना आवाजबी मोठा हुईल," नवरा म्हणाला.

भिवरा चार दिवस घरी बसली. तिच्यासारखीला यापेक्षा रेडा उचलणं सोपं होतं. पारावर बातमी गेली की सुटली एकदाची. पाचव्या दिवशी तिने रांजण खांद्यावर घेतला, आणि पारावरची सुपारी कातरायची थांबली.

दसरा उजाडला. देवळापुढे मिठाची पोती रचलेली, आपट्याची पानं पसरलेली, सगळा गाव धोंड्यांभोवती. एकेकाने आपला धोंडा उचलला, चुंबळ घेतली आणि तो रांगेत जाऊन उभा राहिला. भिवराच्या जागेवर एक दांडगा तरुण गडी उभा राहिला होता. शेवटी भिवराचं नाव पुकारलं गेलं. रेड्याला तिने त्या उसण भरल्या दिवसानंतर हात लावला नव्हता.

नाईक पुढे आला. त्याच्या हातात चुंबळ नव्हती, नारळ होता.

"भिवरे," तो मोठ्याने म्हणाला, "तू या गावाचं नाव केलंस. उगा सगळ्यांम्होरं पाठ मोडून घिऊ नगंस. ह्यो मानाचा नारळ घे, आनि मानानं पारावर बस. गाव तुला कधी इसरनार न्हाई."

भिवराने नारळाकडे पाहिलं. "जित्या मानसाला इसरनार न्हाई म्हनत्यात व्हय?" ती म्हणाली, आणि त्याला वळसा घालून रेड्यापुढे जाऊन उभी राहिली.

ती वाकली. घाई केली नाही. बोटं धोंड्याखाली पुरती रुतू दिली, पाठ सरळ केली, धोंडा अंगाशी घेतला आणि पायांनी उठली. रेडा जमिनीवरून सुटला. मांडीवर आला. तिथे तो थबकला, आणि सगळ्या गावाचा श्वास थबकला. भिवराच्या मानेच्या शिरा तटतटून आल्या, तिच्या घशातून एक हुंकार निघाला, रेडा छातीवर चढला आणि छातीवरून खांद्यावर गेला. ती उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिच्याकडे हात नव्हता. जितका वेळ धरायचा त्याहून जास्त वेळ तिने तो धरला. मग खाली सोडला, तशी जमीन हादरली.

गाव ओरडला. नवरा तर नाचायचाच बाकी राहिला. भिवराने नाईकापुढे हात केला. "चुंबळ."

नाईक चुंबळ घेऊन आला खरा, पण ती त्याने हातातच धरली. "देतो. पन आधी धोंड्यांना पानी घाल, लाडवाम्होरं नाक घास आनि म्हन, मागं हात लावला ही चूक झाली. मंग तुझी जागा तुझी."

एवढीशी तर गोष्ट. पाणी घालायचं, वाकायचं, चार शब्द बोलायचे. नवरासुद्धा मनात म्हणाला असेल, टाक बोलून. दोन वर्षं जिच्यासाठी झुरली ती जागा हातभर अंतरावर होती.

भिवराने आधी लाडवाकडे पाहिलं, मग पाराकडे.

"न्हाई," ती म्हणाली. "ज्यानं मला उठवलं त्याला हात लावला ही चूक कशी? नाईक, तुमाला कशाचं भ्या हाय ते मला ठावं हाय. संभूकाका घाटात घसरला त्याचं. पन काका का घसरला? त्याच्या अंगात तवा भोपळ्याची ताकद हुती. त्यानं भोपळा उचलून भोपळ्याचं ओझं नेलं असतं तर घसरला नसता, आनि म्होरल्या वर्सी रेडाबी उचलला असता. तुमच्या चालीनं त्याला रेडा न्हाईतर पार, एवढंच ठिवलं. त्यो मानी मानूस. त्यानं रेडा धरला. म्या नाक घासलं, तर उद्या आजारातनं उठलेलं मानूस पुन्ना तेच करंल. घासनार न्हाई."

नाईकाने चुंबळ कमरेला खोचली, पाठ फिरवली, आपलं पोतं डोक्यावर घेतलं आणि रांगेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

भिवराने क्षणभर डोळे मिटले. मग तिने नवऱ्याच्या डोक्याचं मुंडासं ओढून काढलं, त्याची गुंडाळी केली आणि आपल्या डोक्यावर ठेवली. रेड्याच्या मापाचं पोतं तिने नवऱ्याकडून चढवून घेतलं आणि ती रांगेकडे चालू लागली. सगळ्यात शेवटी उभं राहायचं, असं तिने ठरवलं होतं. रांगेबाहेरची म्हणून का होईना, पण घाट चढायचा.

पण ती पुढच्या दांडग्या गड्यासमोरून जात होती, तेव्हा तो गडी एक पाऊल मागे सरला. त्याच्या मागची बाई मागे सरली. तिच्या मागचा सरला. डोक्यावर एवढाली ओझी घेऊन सगळी रांग, शेवटच्या माणसापर्यंत, एकेक पाऊल मागे सरकली, आणि नाईकाच्या पाठीमागे एका माणसापुरती जागा मोकळी झाली. भिवरा तिथे जाऊन उभी राहिली.

नाईकाने पावलांचा आवाज ऐकला. त्याने मान वळवली, मोकळ्या झालेल्या जागेकडे पाहिलं, तिच्या मागे उभ्या असलेल्या साऱ्या गावाकडे पाहिलं. त्याने कमरेची तांबडी चुंबळ काढून मागे न बघता तिच्या हातात दिली, आणि घाट चढायला सुरुवात केली.

रांग खिंडीतून दिसेनाशी झाली तेव्हा खाली गावात एक प्रकार घडला. पारावरून संभूकाका उतरला. इकडे तिकडे न बघता देवळामागे गेला आणि लाडवाला हात घालणार, तोच पोरांनी गिल्ला केला. "रांगेनं या, काका! तुमच्या आधी आमी!"

त्यावर संभूकाका पुष्कळ बडबडला. पण अखेर पोरांच्या मागे, सगळ्यात शेवटी, जाऊन उभा राहिला.

तात्पर्य: गेलेली ताकद परत आणायची असेल तर सगळ्यात लहान धोंड्यापासून, चारचौघांदेखत सुरुवात करावी. हसणाऱ्यांना हसू द्यावं, आणि परत मिळवलेल्या बळाबद्दल कुणाचीही माफी मागू नये.